विसरलेल्या जुन्या पॉप गाण्यांचे संग्रह: घेताना काय बघायचं?

सायली_नाशिक

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने एका नादाला लागले आहे आणि आता जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सुरुवात झाली चरणजित सिंग यांच्या 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'पासून. १९८२ साली मुंबईतला एक वादक भैरव, मालकंस, मेघ मल्हार हे राग सिंथेसायझरवर वाजवतो, खाली रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा ठेका आणि टीबी-३०३ या बेस सिंथेसायझरचा बेस. शिकागोत 'अ‍ॅसिड हाउस' नावाचं जे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत पुढे गाजलं, त्याची पहिली रेकॉर्ड म्हणून सांगतात ती १९८७ ची, म्हणजे याच्या पाच वर्षांनंतरची! आई घरी पेटीच्या शिकवण्या घेते. तिला यातला ललत ऐकवला. डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "दोन्ही मध्यम जागच्या जागी आहेत. पण याला एवढी घाई कसली?" मग स्वतःच पुढचा राग लावायला सांगितला.

ही रेकॉर्ड तेव्हा खपली नाही. एडो बाऊमन नावाच्या डच संग्राहकाला ती २००२ मध्ये दिल्लीच्या एका दुकानात मिळाली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली. म्हणून तर ती माझ्यापर्यंत पोचली. तिथून पुढे इथिओपिया, कंबोडिया, सोमालिया असं भटकत गेले. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी परदेशी कंपनी, एक देखणा संग्रह, आणि आत मी कधीही नाव न ऐकलेले गायक. आता ऑनलाइन ऐकून समाधान होत नाही, एखाददुसरी एलपी (मोठी तबकडी) घ्यायची आहे. पण बाहेरून मागवलेल्या एलपीला अडीच-तीन हजार रुपये मोजायचे, तर नीट बघून घ्यावी म्हणते.

मला पडलेले प्रश्न असे. एकाच देशाचे पाच-पाच संग्रह दिसतात, त्यातला चांगला कसा ओळखायचा? माझ्या पैशातलं काही त्या गायकांपर्यंत किंवा त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचतं का? आणि आपल्याकडचं या संग्रहांमध्ये इतकं थोडं का? मुंबईत, कलकत्त्यात, शिलाँगमध्ये इतके बँड होते म्हणतात, त्यांची गाणी गेली कुठे?

---

खरखर

सायली, पहिल्या दोन प्रश्नांना माझं एकच उत्तर आहे: आधी संग्रहासोबत येणारी माहितीची पुस्तिका बघा, गाणी नंतर ऐका. तिसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, शेवटी देतो.

मी डोंबिवलीत लोकांच्या जुन्या रेकॉर्ड्स डिजिटल करून देतो. या कामामुळे मूळ तबकडी आणि तिच्यावरून निघालेला नवा संग्रह असं दोन्ही शेजारी ठेवून ऐकण्याची संधी अनेकदा मिळते. आवाजात उन्नीस-बीस असतंच. पण संग्रहाचं खरं मोल ठरतं ते आत कुणाची नावं आहेत त्यावर. कोण गायलं, कुणी वाजवलं, गाणं कुणी रचलं, कुठे आणि कुठल्या साली मुद्रित झालं. हे लिहिलेलं असेल तर समजावं की काढणाऱ्याने पायपीट केली आहे. जो सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचं नाव शोधत गेला, तो बहुतेक वेळा त्या माणसाच्या दारापर्यंतही गेलेला असतो. आणि दारापर्यंत गेला तरच पैशाचं बोलणं होतं.

उलटं उदाहरण 'कंबोडियन रॉक्स'चं. हा १९९६ चा संग्रह. एका अमेरिकन प्रवाशाने कंबोडियात फिरताना कॅसेट्स विकत घेतल्या, त्यातली आवडलेली गाणी निवडली आणि न्यूयॉर्कच्या एका छोट्या कंपनीने ती काढली. वर ना गाण्यांची नावं, ना गायकांची. गाणी विलक्षण आहेत. गिटारचा तो मुद्दाम फाटवलेला 'फझ' आवाज, वर बाईचा धारदार उंच आवाज, मागे ऑर्गन. जगभरच्या लोकांनी ते वेड्यासारखं ऐकलं आणि वर्षानुवर्षं 'अनामिक कंबोडियन बँड' म्हणून ऐकलं. पुढे इंटरनेटवर जाणकार ख्मेर (म्हणजे कंबोडियन) श्रोत्यांनी एकेक गाणं ओळखून नावं लावली. त्यातला एक गायक होता सिन सिसामुत. तिथे हे नाव घरोघर माहीत. कुणी किशोरकुमारची गाणी 'एक भारतीय गायक' म्हणून विकावीत, तसाच हा प्रकार! दुसरी रोस सेरेसोथिया, तिसरी पेन रॉन, चौथा योल ओलारोंग. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज नॉम पेन्हमध्ये शिरले आणि पुढच्या चार वर्षांत ही सगळी माणसं संपली. ज्या राजवटीने माणसं मारली तिला त्यांची नावंही पुसायची होती. त्या गाण्यांच्या संग्रहावर नावं नसणं मला म्हणूनच सहन होत नाही.

कंबोडियाचंच ऐकायचं असेल तर जॉन पिरोझ्झी यांच्या 'डोन्ट थिंक आय हॅव फरगॉटन' या माहितीपटाची गाणी घ्या. डस्ट-टू-डिजिटलने २०१५ मध्ये काढली आहेत. नावं आहेत, इतिहास आहे, फोटो आहेत. आणखी एक गोष्ट ऐकताना ध्यानात ठेवा. मूळ तबकड्या बहुतेक नष्ट झाल्या, त्यामुळे पुष्कळशी गाणी उरली ती देश सोडून गेलेल्या लोकांनी नंतर काढलेल्या कॅसेट्सवर. त्या कॅसेट्सवर विक्रीसाठी मूळ गाण्यावर नवे ड्रम चढवलेले असतात, कधी वेगही बदललेला असतो. १९६०-७० च्या दशकातल्या गाण्यात ऐंशीच्या दशकातल्या ड्रम मशीनचा कोरडा फटका ऐकू आला की समजायचं, ही ती कॅसेट. चांगला संग्राहक मूळ ४५ ची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी) तबकडी मिळेपर्यंत थांबतो. ती खरखरत असली तरी चालेल, गाणं तरी मूळचं असतं.

आता सुलट उदाहरण. इथिओपियाची 'एतिओपिक' मालिका. फ्रान्सिस फाल्सेतो या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या ब्युदा म्युझिकसाठी नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू केली, तीसच्या आसपास भाग निघाले. तिच्यामागे अम्हा एशेते या तरुणाची गोष्ट आहे. सम्राटाच्या राज्यात रेकॉर्ड काढायचा मक्ता सरकारी होता. या पठ्ठ्याने १९६९ मध्ये तो धुडकावून स्वतःची कंपनी काढली आणि पुढच्या सहा-सात वर्षांत शंभरेक सिंगल्स बाजारात आणली. महमूद अहमद, अलेमायेहू एशेते, मुलातू अस्तात्के, सगळे तिथले. आणि आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे, त्याच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्ड्स भारतात प्रेस होऊन गेल्या होत्या! १९७४ मध्ये लष्करी राजवट आली, रात्रीची संचारबंदी आली, क्लब बंद पडले आणि सगळा खेळ आटोपला. हे मला कुठून कळलं? पुस्तिकेतून. मालिकेतला पहिला किंवा चौथा भाग घ्या. चौथ्यात मुलातूंची वाद्यसंगीताची कामं आहेत. तुमच्या आईंना तो आवडेल असं वाटतं, कारण तिथल्या स्वरमालाही पाच स्वरांच्या आहेत आणि आपल्या कानाला त्यात ओळखीचं काहीतरी सापडतं.

पश्चिम आफ्रिकेसाठी फ्रँकफर्टच्या अ‍ॅनालॉग आफ्रिकाचा 'आफ्रिकन स्क्रीम कॉन्टेस्ट' (२००८). सामी बेन रेजेब हा माणूस बेनिन आणि टोगोमध्ये स्वतः फिरला, वादकांना भेटला, त्यांच्या मुलाखती छापल्या. पुस्तिका बघाल तर गाण्यांइतकाच वेळ तिच्यावर जाईल. या आणि अशा इतर संग्रहांमुळे कोतोनूचा ऑर्केस्त्र पॉली-रिद्मो हा बँड पुन्हा उभा राहिला आणि म्हातारपणी युरोपात वाजवून आला.

आता आपल्याकडचं. सिगारेट कंपनीने आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी अखिल भारतीय बँड स्पर्धा भरवली, सिमला बीट. अंतिम फेरी मुंबईत, षण्मुखानंदमध्ये. निवडक बँडची गाणी १९७० आणि १९७१ अशा दोन एलपींवर निघाली. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर. काही गाणी परदेशी गाण्यांची नक्कल, काही स्वतःची. परदेशात या दोन्ही रेकॉर्ड्स पुढे पुन्हा निघाल्या, संग्राहकांच्या याद्यांमध्ये गेल्या. पण बऱ्याच ठिकाणी बँडच्या नावापुढे एकही माणसाचं नाव नाही.

म्हणजे काय हरवतं ते सांगतो. त्याच काळात मुंबईत वेल्व्हेट फॉग नावाचा बँड होता. त्यात गाणारा एक जण नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा! पुढे अलेक पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास, आणि त्यानंतर 'तीन पैशाचा तमाशा'मधला अंकुश. मराठी रंगभूमीवर रॉक संगीत आलं ते या वाटेने आलं. हे मराठी माणसाला कळायचं तर कुठेतरी नाव छापलेलं हवं. 'वेल्व्हेट फॉग, भारत' एवढंच वाचून ना डच श्रोत्याला काही कळतं, ना नाशिकच्या.

मुंबईचाच आणखी एक बँड म्हणजे अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट. त्यांची एलपी १९८१ मध्ये निघाली तेव्हा बँड मोडलेलाही होता. अमेरिकेतल्या नाऊ-अगेनने २०११ मध्ये ती नीट माहितीसह पुन्हा काढली. तुम्हाला एकच भारतीय घ्यायची असेल तर माझं मत तिला.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरात परवाना कुणाकडून घेतला ते लिहिलेलं असतं, ते वाचा. पण परवाना आहे म्हणजे वादकाला पैसे मिळालेच असं नव्हे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क सहसा रेकॉर्ड कंपनीकडे. वादकाला त्या दिवसाच्या सेशनचे पैसे मिळाले की विषय संपला. त्यामुळे कायदेशीर पुनर्मुद्रणातही बेस वाजवणाऱ्याच्या हाती काही येईलच असं नाही. जो काढणारा कंपनीला पैसे देऊन शिवाय वादकाचं घर शोधतो, त्याची एलपी घ्या. चरणजित सिंगांना आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत युरोपात हीच रेकॉर्ड मंचावर वाजवायला मिळाली. २०१५ मध्ये ते गेले. त्याआधी त्यांनी आपल्यासाठी जमलेले विशी-तिशीतले श्रोते पाहिले, याचं मला फार बरं वाटतं.

---

तिठा

खरखर, तुमचा प्रतिसाद आवडला, पण एका मुद्द्यावर मी पूर्ण सहमत नाही.

सिमला बीट आज आपण ऐकू शकतो ते कुणामुळे? परवाना-बिरवाना न घेता ज्यांनी चार-पाचशे प्रती काढल्या त्यांच्यामुळे. आपल्याकडे कुणाला पडली होती? मी पुण्यात जुन्या बाजारात त्या काळातल्या रेकॉर्ड्स रद्दीच्या भावात पाहिल्यात, कव्हरांना वाळवी लागलेली. मी स्वतः एका कंपनीला (नाव नको) पत्र लिहून विचारलं होतं की अमुक ईपी (तीन-चार गाण्यांची छोटी तबकडी) पुन्हा काढणार का, किंवा आम्हा चार जणांना काढू देणार का. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. नाही. हक्क धरून बसायचं आणि गाणं कपाटात कुजू द्यायचं, याला काय म्हणायचं?

आणि जिथे देशच मोडून पडला, तिथे परवाना मागायचा कुणाकडे? कंपनी नाही, कागद नाहीत, गायक मेलेला. अशा वेळी नावाविना का होईना, गाणं जिवंत राहिलं तर मी त्याला वाईट म्हणणार नाही. 'कंबोडियन रॉक्स' आलं नसतं तर पुढचा तो माहितीपट तरी आला असता का?

---

खरखर

तिठा, कपाटात कुजू देण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पत्राला उत्तर न देणारे मलाही भेटले आहेत.

पण देश मोडल्याच्या मुद्द्यावर सोमालियाचं बघा. १९८८ मध्ये तिथला हुकूमशहा सियाद बारे याच्या विमानांनी हर्गेसा शहरावर बाँब टाकले. रेडिओ हर्गेसाच्या लोकांना आधीच अंदाज आला होता. त्यांनी टेपा उचलल्या, काही सीमेपलीकडे पाठवल्या, काही जमिनीत पुरल्या. युद्ध संपल्यावर त्या उकरून काढल्या. आज तिथल्या रेड सी कल्चरल फाउंडेशनकडे दहा हजारांहून जास्त कॅसेट्स आहेत. ऑस्टिनाटो रेकॉर्ड्सने तिथे जाऊन, त्या लोकांबरोबर बसून गाणी निवडली, हयात गायक-वादकांशी बोलून त्यांच्या हकिकती छापल्या आणि २०१७ मध्ये 'स्वीट अ‍ॅज ब्रोकन डेट्स' काढला. ग्रॅमीचं नामांकन मिळालं. कंपनी चालवणाऱ्याचं नाव विक सोहोनी, आडनाव वाचून आपल्यापैकी कुणाचेही कान टवकारतील. याहून मोडलेला देश कुठला दाखवणार? तिथेही माणसं सापडली, कारण शोधली.

नावं शोधायला वेळ लागतो आणि पैसे लागतात, म्हणून ती टाळली जातात. १९७२ मध्ये लेनी के याने 'नगेट्स' काढला, अमेरिकेतल्या एकेका गाण्यापुरत्या गाजलेल्या गॅरेज बँडचा, दोन एलपींवर सत्तावीस गाणी. हा माणूस रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा, पुढे पॅटी स्मिथबरोबर गिटार वाजवू लागला. त्याने गाणी नुसती गोळा केली नाहीत. प्रत्येकामागे कोण, कुठल्या गावचं, हे जीव ओतून लिहिलं. त्या लिखाणामुळे पुढच्या पिढीच्या मुलांनी गिटारी हातात घेतल्या. १९९८ मध्ये त्याचाच चार सीडींचा मोठा संच निघाला, ११८ गाण्यांचा. इतकी वर्षं तो टिकला याचं श्रेय मी त्या टिपणांना देतो.

'कंबोडियन रॉक्स'शिवाय माहितीपट आला नसता हे शक्य आहे. पण त्या वेळी एक ख्मेर माणूस शेजारी बसवून गाणी ऐकवली असती तर संध्याकाळपर्यंत अर्धी नावं कळली असती. एवढंही केलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

---

मडगांवकार

इथे गोव्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

'हरवलेलं संगीत सापडलं' असं बाहेरचे म्हणतात तेव्हा आम्हाला जरा नवल वाटतं. क्रिस पेरी आणि लोर्ना यांची कोंकणी गाणी परदेशातल्या लोकांना आत्ता सापडताहेत. आमच्याकडे 'बेबदो' आणि 'पिसो' वाजल्याशिवाय लग्नाचा हॉल रिकामा होत नाही. माझी मावशी चर्चमधल्या क्वायरमध्ये गाते, पण स्वयंपाक करताना लोर्नाच. क्रिस पेरी म्हणजे मडगावचा ट्रम्पेटवाला, मुंबईत आणि कलकत्त्यात बँड चालवलेला. ट्रम्पेट, चा चा चा, जॅझ आणि वर आमची कोंकणी. लोर्नाचा आवाज तर असा की ध्वनिक्षेपकाची गरज नसावी.

मग दोघं वेगळी झाली आणि लोर्नाने गाणंच सोडलं. वीसेक वर्षं ती गायली नाही. १९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात यांनी 'हॅलो लोर्ना' करून तिला परत आणलं. त्यानंतर मिरामारला तिचा कार्यक्रम झाला, त्याला गेलेली माणसं अजून त्याबद्दल बोलतात. पुढे त्या दोघांवरून सुचलेला 'नाचूंया कुंपासार' हा चित्रपट आला, क्रिस पेरींची जुनी गाणी त्यात नव्याने मुद्रित केली, आणि माझ्या भाचरांना ती तोंडपाठ झाली.

खरखरबाब नावांचं म्हणतात ते आम्हाला फार जवळचं. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याची किती माणसं होती! सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. तुम्हाला जी धून पाठ आहे तिची व्हायोलिनं कुणी लिहिली, तो ट्रम्पेट कुणी फुंकला, हे रेकॉर्डच्या कव्हरवर बहुतेक नसायचंच. आमच्या वाड्यावरचे एक म्हातारे मुंबईला स्टुडिओत वाजवायचे. रेडिओवर गाणं लागलं की बोट वर करून आम्हाला थांबवायचे, "आता मी येतो," म्हणायचे, आणि खरंच तिथे क्लॅरिनेट यायची. ते गेले. कुठल्याही संग्रहात त्यांचं नाव नाही. म्हणून सायलीताई, कोंकणी रेकॉर्ड घ्याल तर ज्याच्यावर साथीदारांची नावं छापलीत ती घ्या, थोडी महाग असली तरी.

---

बो_नदीकाठी

मी कॅलगरीत राहते, त्यामुळे इथलं सांगितलंच पाहिजे.

रूपा बिस्वास या कलकत्त्याच्या गायिका १९८१ मध्ये भावाकडे आमच्या या गावात आल्या होत्या. इथे त्यांचा गाण्याचा छोटा कार्यक्रम झाला, त्यातून सरोदवादक आशिष खान यांनी त्यांना घेऊन एक डिस्को रेकॉर्ड करायचं ठरवलं. तबल्यावर प्राणेश खान, गिटार आणि ड्रमवर इथलेच कॅनेडियन वादक. 'डिस्को जॅझ'. चारच गाणी. भारतात ती १९८२ मध्ये मेगाफोनने काढली आणि कुणाचं लक्षही गेलं नाही. आदल्याच वर्षी नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' आलं होतं, सगळीकडे तेच वाजत होतं.

रूपाताई संसाराला लागल्या. पुढे त्यांच्या मुलाच्या नजरेला इंटरनेटवर पडलं की आईची रेकॉर्ड लोक भरमसाट किमतीला विकत घेताहेत आणि त्यातलं 'आज शनिबार' हे गाणं यूट्यूबवर लाखो लोक ऐकताहेत. २०१९ मध्ये शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपने ती रीतसर पुन्हा काढली. घरच्या लोकांना हे इतक्या वर्षांनी यूट्यूबवरून कळावं! आनंद आहेच, पण मधली वर्षं कुणी भरून देणार?

'आज शनिबार' ऐकताना सरोद कुठे शिरतो ते ऐका. डिस्कोच्या गिटारच्या मधोमध तो येतो आणि जराही उपरा वाटत नाही. इथे हिवाळ्यात उणे पंचवीसमध्ये गाडी गरम होईपर्यंत मी ते लावते. बंगाली येत नाही, तरी शनिवार कळतो.

---

सायली_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मुलातू अस्तात्के ऐकवले. तिने पेटीवर स्वर शोधून काढले आणि आता शिकवणीला आलेल्या मुलींनाही ऐकवते आहे. एतिओपिकचा चौथा भाग मागवला, 'डिस्को जॅझ' पुढच्या पगाराला.

एक शेवटचं विचारते. इथल्या एका भंगारवाल्याकडे मला ४५ ची एक ईपी मिळाली आहे. मुंबईतला इंग्रजी गाणारा बँड, चार गाणी, कव्हर नाही, लेबलवर बँडचं नाव आणि कंपनीचं चिन्ह. शोधूनही कुठेच ऐकायला मिळत नाही. पांढरट बुरशीचे ठिपके आहेत. हिचं काय करू? स्वतः वाजवून यूट्यूबवर टाकली तर चालेल का?

---

खरखर

वाजवू नका! आधी धुवायची. बुरशीवर सुई फिरली की ती खाचेत दाबली जाते आणि कायमची खरखर बसते. डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर फडका. खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. लेबलला पाणी लागू देऊ नका, नाव तिथेच आहे. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसून उभी वाळवा. (कधी ७८ ची लाखेची तबकडी मिळाली तर तिला स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नका, लाख विरघळते.)

वाळली की दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा. मग लेबल आणि शेवटचं गाणं यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. तिथे कोरलेले आकडे-अक्षरं दिसतील, तीही जशीच्या तशी उतरवून घ्या. दोन बाजूंचे आकडे वेगळे असतात. त्यावरून जाणकाराला मुद्रणाचा अंदाज येतो. लेबलच्या कडेला बारीक अक्षरात पहिल्या प्रसिद्धीचं साल आहे का तेही बघा, पुष्कळदा असतं. गाण्यांच्या नावांखाली कंसात रचनाकाराचं आडनाव असेल. तेच बँडमधल्या कुणाचं तरी असण्याची शक्यता मोठी, शोध तिथून सुरू करायचा.

साल महत्त्वाचं आहे, कारण आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. १९७० ची रेकॉर्ड असेल तर २०३० अखेरपर्यंत. शिवाय गाण्याची रचना ज्याची, त्याचा हक्क वेगळा, तो त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं. तेव्हा सबंध ईपी यूट्यूबवर टाकू नका. लेबलचे फोटो आणि उतरवलेले आकडे मात्र इथे या धाग्यावर जरूर टाका. त्या काळातले बँडवाले आता सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत, मुलं-नातवंडं इंटरनेटवर असतात. मडगांवकार, तुम्हीही फोटो तुमच्याकडच्या जुन्या वादकांना दाखवा. मुंबईतला इंग्रजी बँड म्हणजे त्यात एक तरी गोंयकार असणार.

डिजिटल करायची असेल तर माझ्याकडे पाठवा, पैसे नकोत. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवून देईन, खरखर न काढता. ईपी मोनो असेल तर डावा-उजवा एकत्र केला की अर्धी कटकट आपोआप कमी होते, त्याहून जास्त साफसफाई आत्ता नको. पुढेमागे कुणी हिचा संग्रह काढलाच तर त्याला मूळ आवाज हाताशी लागेल. पाठवताना दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा, तबकडी पुठ्ठ्यात हलता कामा नये, आणि पाकिटावर 'उन्हात ठेवू नये' असं मोठ्या अक्षरात मराठीत लिहा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.